माजी सैनिक संघटनेचं मदत टेबल : ठाणे-नवी मुंबईत नेमकं कोणतं काम हाती घ्यावं?

तलावपाळी

नमस्कार, जय हिंद.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात माजी सैनिकांच्या संघटना कमी नाहीत. २६ जानेवारीला, २६ जुलैला कारगिल विजय दिनी आणि १६ डिसेंबरला त्या पुष्पचक्र घेऊन उभ्या असतात, आणि उभं राहिलंच पाहिजे. पण ज्या घरातला फौजी गेला आणि मागे सत्तरीच्या मावशी राहिल्या, त्या घराला संघटना लागते ती तेराव्यानंतर. डिस्चार्ज बुकाची (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवा-नोंदीच्या पुस्तकाची) पिशवी उघडून कोणता कागद कुठे न्यायचा, बँकेने "आमच्याकडे दिसत नाही" म्हटलं की पुढे कुठे जायचं, हे सांगणारं माणूस तेव्हा हवं असतं.

हा धागा त्यासाठी. आठवड्यातून एकदा चालणारं मदत टेबल. सोसायटीचं ऑफिस, समाजमंदिर, वाचनालयाची खोली, कुठेही चालेल. वार आणि वेळ मात्र बदलायची नाही. ज्यांना या कामातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कुणा व्यक्तीचं, हॉस्पिटलचं नाव घेऊन तक्रार नको. पक्षीय राजकारण नको.

सुरुवात मी करतो. आलेल्या माणसाची बरीचशी पायपीट चुकीचं दार ठोठावल्यामुळे होते. दारं चार आहेत.

रेकॉर्ड ऑफिस : नाव, जन्मतारीख, पत्नी-मुलांची नोंद, सेवेचा तपशील. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला.

स्पर्श, म्हणजे संरक्षण पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था : दरमहा पेन्शन, हयातीचा दाखला, बँक खातं बदलणं, थकबाकी. हे प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्स या संरक्षण लेखा कार्यालयाकडून चालतं. बँक आता फक्त पैसे जमा होण्याची जागा आहे. त्यामुळे पेन्शन थांबली म्हणून बँक मॅनेजरशी भांडून काही हाती लागत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय : माजी सैनिक आणि विधवा ओळखपत्र, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पडताळणी, करमाफीसाठी दाखला, आर्थिक मदतीचे अर्ज.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक : औषधं, रेफरल, वैद्यकीय बिलं.

टेबलावरच्या माणसाने आधी प्रश्न ऐकून घ्यावा आणि यातलं दार कोणतं ते ठरवावं. कागद त्यानंतर मागावेत.

आपल्याकडची खास अडचण अशी की इथली बरीच कुटुंबं मूळची सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली. नोंदणी गावाकडच्या जिल्हा कार्यालयात आणि बिऱ्हाड कळव्यात. मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली की साताऱ्याला धावाधाव सुरू होते. कायम इथेच राहायचं असेल तर नोंदणी ठाण्याला बदलून घ्यावी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), जुनं ओळखपत्र आणि इथल्या पत्त्याचा पुरावा घेऊन अर्ज करायचा आणि जुन्या कार्यालयाकडून ना-हरकत मागवायची. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ही कार्यालयं शिष्यवृत्तीच्या अर्जांत बुडालेली असतात.

खारघरची

चार दारं छान मांडलीत. त्यात एक भर. नवी मुंबई लोकांच्या बोलण्यात एक आहे, सरकारी कागदावर दोन जिल्ह्यांत आहे. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा रायगड, आणि रायगडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला.

बेलापूर आणि खारघरमध्ये रेल्वेचं एकच स्टेशन ओलांडायचं, पण खारघरच्या वीरनारीला ठाण्याचं कार्यालय परत पाठवणार आणि त्यात त्यांची चूक नाही. संघटनेच्या पत्रकावर "नवी मुंबईतील सर्व माजी सैनिकांनी ठाणे कार्यालयात संपर्क साधावा" असं छापू नका. या एका ओळीमुळे म्हाताऱ्या माणसांचा अख्खा दिवस जातो.

खारघर-पनवेलच्या टेबलाने एक सोय करावी. अलिबागला जायचे अर्ज साठवून ठेवायचे, प्रत्येकाची तपासणी इथेच करायची, आणि महिन्यातून एकदा एक जाणकार माणूस सगळे घेऊन जाईल. जिथे स्वतः हजर राहणं सक्तीचं आहे, उदाहरणार्थ ओळखपत्रासाठी मूळ कागद दाखवणं, तिथे चार-पाच जणांची एकत्र गाडी करावी. निघण्याआधी फोन करून अधिकारी जागेवर आहेत का ते विचारायचंच. कल्याण अधिकारी दौऱ्यावर असले तर सहीविना परत यावं लागतं.

निवृत्त_सिग्नल

हयातीच्या दाखल्यावर सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पेन्शनी इथेच अडकतात.

स्पर्शमध्ये दाखला शेवटच्या ओळख-पडताळणीपासून वर्षभर चालतो. पूर्वी सगळ्यांचा नोव्हेंबर ठरलेला असायचा, म्हणून लोक अजून नोव्हेंबरची वाट बघतात. एखाद्याची पडताळणी मे महिन्यात झालेली असेल तर त्याची मुदत मे महिन्यातच येते. स्पर्शमध्ये लॉगिन केल्यावर पुढची तारीख दिसते. टेबलाच्या वहीत प्रत्येक सभासदासमोर ती लिहून ठेवा आणि महिनाभर आधी फोन करा.

काढायची पद्धत : मोबाइलवर दोन ॲप लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. आधी ऑपरेटरने, म्हणजे टेबलावरच्या स्वयंसेवकाने, स्वतःच्या आधारवर नोंदणी करायची, मग पेन्शनरची माहिती भरायची. चेहरा घेताना चष्मा काढायला सांगा, उजेड समोरून असू द्या, मागे खिडकी नको. ट्यूबलाइट थेट डोक्यावर असली की डोळ्यांखाली सावली पडते आणि ॲप पुन्हा पुन्हा नाकारतं. बोटांच्या यंत्रावर काम करायचं असेल तर यंत्र एल-वन प्रकारचंच हवं, जुनी एल-झिरो यंत्रं बाद झाली आहेत. आयुष्यभर हाताने काम केलेल्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तिथे चेहरा किंवा डोळ्याची बुबुळं हाच मार्ग.

आता खरी चूक कुठे होते ते. फॉर्ममध्ये दोन रकाने असतात : पेन्शन मंजूर करणारी संस्था आणि पेन्शन वाटप करणारी संस्था. मंजुरीच्या रकान्यात सैन्यासाठी पीसीडीए पेन्शन्स, नौदलासाठी पीसीडीए नेव्ही मुंबई, हवाई दलासाठी सुब्रोतो पार्कचं जॉइंट सीडीए. इथवर बहुतेक जण बरोबर भरतात. वाटपाच्या रकान्यात मात्र सवयीने स्वतःची बँक निवडतात. पैसे त्याच बँकेत येतात म्हणून ते बरोबर वाटतं. पण मग दाखला बँकेकडे जातो, स्पर्शकडे पोचतच नाही. मोबाइलवर "यशस्वी" असा संदेश येतो, प्रमाण क्रमांकही मिळतो, आणि पुढे पेन्शन बंद होते. जे स्पर्शवर आले आहेत त्यांनी वाटपाच्या रकान्यात स्पर्श हेच निवडायचं. सात-आठ दिवसांनी स्पर्शमध्ये पुन्हा डोकावून पुढच्या वर्षाची तारीख आली का ते बघायचं. ती आली की काम झालं.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन दाखला काढतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा आहे, शुल्क ७० रुपये. त्यालाही वाटपाच्या रकान्यात काय निवडायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या.

आणि एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. स्वयंसेवकाने कुणाचाही पासवर्ड लिहून घ्यायचा नाही. ओटीपी पेन्शनरने स्वतः बघून स्वतः टाकायचा. दिसत नसेल तर सोबतच्या नातेवाइकाने. "स्पर्श कार्यालयातून बोलतोय, दाखला अडकलाय" असे फोन करून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

तलावपाळी

सिग्नल साहेब, फारच उपयोगी. नावातल्या फरकाचं काय करायचं? आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पीपीओवर फक्त नाव-आडनाव, पत्नीचं माहेरचं नाव सेवा-नोंदीत आणि सासरचं आधारवर. दर दुसऱ्या फायलीत हे असतं.

निवृत्त_सिग्नल

आधी ठरवा, चूक कोणत्या कागदात आहे. सेवा-नोंद बरोबर असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं. फक्त लक्षात ठेवा, आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. म्हणून अंदाजाने बदल करायला कुणालाही आधार केंद्रावर पाठवू नका. पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँक पासबुक, पाचही समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा, मग एकदाच जा.

सेवा-नोंद चुकीची असेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. पत्नीच्या नावातल्या किंवा जन्मतारखेतल्या बदलासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि लग्नाचा किंवा शाळेचा जो असेल तो पुरावा जोडतात. तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीतल्या बदलाचा आदेश, निघते आणि मग पीपीओत दुरुस्ती होते. हे नवरा हयात असताना त्याच्या सहीने झालं तर काही महिन्यांत उरकतं. तो गेल्यावर हेच काम बाईला एकटीने, त्याच्या सहीविना करावं लागतं, आणि तोवर कुटुंब पेन्शन लटकते.

म्हणून माझा आग्रह असा. संघटनेने वर्षातला एक रविवार फक्त "पीपीओ तपासणी"साठी ठेवावा. जोडप्याने यायचं, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर आहे का, संयुक्त नोंद आहे का, एवढंच बघायचं. दिव्यांग मूल असेल तर त्याची आजीवन कुटुंब पेन्शनसाठी नोंद आईवडील दोघं असतानाच करून घ्यायची. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ही नोंद राहिली तर पुढे त्या मुलासाठी भावंडांना वर्षानुवर्षं झगडावं लागतं.

बंदर_विभाग

नौदलवाल्यांसाठी. नाविकांचं रेकॉर्ड मानखुर्दला, कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे. वाशीहून हार्बर लाइनवर पुढचंच स्टेशन. आपल्या भागातल्या नौसैनिकांच्या कुटुंबांना एवढी जवळची सोय असताना ती पत्रव्यवहारात महिने घालवतात. मूळ कागद आणि दोन संच झेरॉक्स घेऊन समक्ष जावं.

आता मृत्यूनंतरचा क्रम. टेबलावर हा छापील कागद असलाच पाहिजे.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या महापालिकेत होते. राहायला कळव्यात आणि मृत्यू वाशीच्या हॉस्पिटलात, तर दाखला नवी मुंबई महापालिकेचा. २१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी. हॉस्पिटलने फॉर्म भरताना नाव पीपीओप्रमाणे लिहिलं का ते त्याच वेळी बघा. नंतर दुरुस्तीला फार वेळ जातो. किमान दहा प्रती काढून घ्या.

पेन्शन खात्यातून एटीएमने पैसे काढणं थांबवा. मृत्यूच्या तारखेनंतर जमा झालेली पेन्शन परत वसूल होते, आणि ती वसुली बाईच्या कुटुंब पेन्शनमधून होऊ लागली की घर कोलमडतं. मुलगा चांगल्या हेतूने दवाखान्याचं बिल भागवायला पैसे काढतो, आणि पुढे सगळ्यांना मनस्ताप.

मग स्पर्शच्या संकेतस्थळावर मृत्यू कळवायचा; त्यासाठी पेन्शनरच्या लॉगिनची गरज नाही. सोबत रेकॉर्ड ऑफिसला पत्र, मृत्यू दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुकाची प्रत, पत्नीचं आधार, पॅन आणि तिच्या एकटीच्या नावाच्या किंवा आधीपासूनच्या संयुक्त खात्याचं पासबुक. डिस्चार्ज बुकाचं मूळ पुस्तक कुणाच्याही हाती सोडू नका, संघटनेच्याही नाही.

तीन गोष्टी लोक विसरतात. एक, निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापून घेतलेला ग्रुप इन्शुरन्सचा वाढीव विमा. सैन्य, नौदल, हवाई दल तिघांचे वेगवेगळे फंड आहेत. त्याला वयाची मर्यादा असते, ती संपायच्या आत मृत्यू झाला असेल तर रक्कम मिळते, पण दावा केला तरच. दोन, मृत्यू अपघाती असेल तर बँकेच्या संरक्षण पेन्शन खात्यावरचा अपघात विमा. त्याला एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, आणि मुदत कमी असते. तीन, विधवा ओळखपत्र. ते लगेच काढावं, पुढचं प्रत्येक काम त्यावर चालतं.

शुश्रूषा

ईसीएचएसबद्दल लिहिते. योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, तरी इमर्जन्सीचा नियम घरोघरी माहीत नाही.

साधा आजार असेल तर आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग संलग्न हॉस्पिटल. इमर्जन्सीला थेट हॉस्पिटलात जायचं. संलग्न हॉस्पिटल असेल तर दाखल करतानाच कार्ड दाखवा आणि ते ऑनलाइन इमर्जन्सी सूचना पाठवतात की नाही ते विचारा. सूचना ४८ तासांच्या आत जायला हवी. क्लेम आयडी मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. रात्री दाखल झालं की डेस्कवरचा माणूस "सकाळी बघू" म्हणतो, मध्ये सुट्टी येते, ४८ तास उलटतात आणि बिल कुटुंबाच्या अंगावर पडतं. संलग्न हॉस्पिटलने कार्डधारकाकडे डिपॉझिट मागायचं नाही. मागितलं तर न भांडता पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला फोन लावा आणि फोन बिलिंगवाल्याच्या हातात द्या. याहून लवकर काही होत नाही.

संलग्न नसलेल्या हॉस्पिटलात जावं लागलं, रस्त्यावर अपघात झाला वगैरे, तर नातेवाइकाने स्वतः जवळच्या पॉलिक्लिनिकला दोन दिवसांत कळवायचं. ईमेल केलेला बरा, पुरावा राहतो. बिल आधी स्वतः भरायचं आणि नंतर परतावा मागायचा. परतावा ठरलेल्या दरानेच मिळतो, पूर्ण बिल मिळेल असं सांगून कुणाची दिशाभूल करू नका. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हे सगळं हॉस्पिटलातून निघतानाच घ्यायचं.

हॉस्पिटल संलग्न आहे एवढं पुरत नाही. कोणत्या विभागासाठी संलग्न आहे ते यादीत बघावं लागतं. एखादं डोळ्यांसाठी असतं, हृदयासाठी नसतं. आणि करार संपतात. घोडबंदर रोडवरचं वर्षभरापूर्वी चालणारं हॉस्पिटल आज चालेलच असं नाही. टेबलावरच्या यादीवर तारीख घाला आणि दर महिन्याला पॉलिक्लिनिकमधून ताडून घ्या. जुनी यादी व्हॉट्सॲपवर फिरत राहते ती सर्वांत घातक.

औषध उपलब्ध नसेल तर पॉलिक्लिनिककडून तसा शिक्का घ्यायचा, तरच बाहेरून घेतलेल्याचा परतावा. शिक्क्याच्या आधीच्या तारखेचं बिल नाकारलं जातं.

मुलांच्या कार्डांबद्दल एक ओळ : मुलगा २५ वर्षांचा झाला, कमवायला लागला किंवा लग्न झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याची पात्रता संपते. मुलीची नोकरी किंवा लग्नानंतर. नंतर कार्ड वापरलं तर वसुली होते आणि मुख्य कार्डही अडचणीत येतं.

वहीखाते

संघटनेच्या कागदपत्रांकडे वळू. सेवा कितीही प्रामाणिक असली तरी इथे ढिलाई झाली की सगळं ठप्प होतं.

महाराष्ट्रात संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवली की ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवायची. किमान सात सदस्य, घटना आणि नियमावली, धर्मादाय कार्यालय. इतपत सगळे करतात. गाडी अडते ती नंतर. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष-सचिव आले, सत्कार झाले, पण कलम २२ प्रमाणे बदल अर्ज ९० दिवसांत दाखल केला नाही. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे अनुसूची एकवर, जुनीच मंडळी राहतात. बँक नव्या सह्या घेत नाही, महापालिका खोली देत नाही, आणि दोन गट पडले की कागदावर दोघांचाही हक्क सिद्ध होत नाही. निवडणुकीच्या सभेची नोटीस, ती सर्व सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, ठराव, जुन्या कार्यकारिणीची संमतीपत्रं, ही फाइल सभेच्या दिवशीच बनवा. नोटीस मिळाल्याचा पुरावा नसणं, बदल अर्ज फेटाळला जाण्याचं हे नेहमीचं कारण.

हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण सहा महिन्यांत. सभासद वर्गणी आणि देणगी वेगळ्या पावती पुस्तकांवर. दोन हजारांवरची रोख देणगी घेतलीत तर देणगीदाराला आयकराची सवलत मिळत नाही, त्याला आधीच सांगा.

ध्वजदिन निधीबद्दल फार काळजी घ्या. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्याचं संकलन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा सैनिक मंडळामार्फत होतं. संघटनेने सोसायट्यांत, शाळांत, कंपन्यांत जाऊन मदत जरूर करावी, पण पावती आणि ध्वज जिल्हा कार्यालयाकडूनच आणलेले असावेत आणि जमा झालेले पैसे संघटनेच्या खात्यातून फिरवू नयेत. एकाच पेटीत दोन निधी गोळा केले की संशय येतोच, आणि तो एकदा आला की त्या भागात पुढे कुणालाच निधी मिळत नाही.

गस्त

सगळं मान्य. पण माजी सैनिक संघटना म्हणजे फक्त पेन्शनीचं सेतू केंद्र करायचं का? आजूबाजूच्या समाजाचा काही वाटा? आपल्याकडे शिस्त आहे, नकाशा वाचणारे, वायरलेस चालवणारे, नर्सिंग असिस्टंट, अवजड गाड्यांचे चालक आहेत. पावसाळ्यात मुंब्र्याच्या डोंगरउतारावर, खाडीकाठच्या वस्तीत यांचा उपयोग नको?

दोन कामं सुचवतो. पहिलं, मे अखेरीस प्रत्येक प्रभाग समितीला, नवी मुंबईत विभाग कार्यालयाला, स्वयंसेवकांची यादी द्यावी : नाव, वय, ट्रेड (सैन्यातलं काम), रक्तगट, किती वाजता उपलब्ध. साठीच्या माणसांनी दोरीवर उतरायचं नाही. ते काम अग्निशमन दल आणि ठाण्याच्या टीडीआरएफचं, म्हणजे आपत्ती प्रतिसाद दलाचं. आपण निवारा केंद्रावर नोंदवही, अन्नवाटपाची रांग, प्रथमोपचार, हरवलेल्या माणसांची यादी सांभाळावी. दलाच्या जवानांचे हात त्याने मोकळे होतात. आणि आपत्ती व्यवस्थापन कक्षाने बोलावल्याशिवाय घटनास्थळी गर्दी करायची नाही.

दुसरं, मुलांना दिशा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबी (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या) मुलाखतीची तयारी महाराष्ट्रातल्या तरुणांना विनामूल्य मिळते, निवड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. ठाण्यातल्या किती महाविद्यालयांत हे फलकावर लागतं? संघटनेने प्रत्येक जाहिरात निघाली की प्राचार्यांना नेऊन द्यावी. आणि भरतीसाठी पैसे मागणाऱ्या दलालांविरुद्ध शाळांत स्पष्ट बोलावं. माजी सैनिक बोलला की पालक ऐकतात.

तलावपाळी

गस्त, दोन्ही कामं घ्यावीत असंच वाटतं. टेबल नीट चाललं की माणसं ओळखीची होतात, आणि ट्रेडची यादी त्या वहीतूनच बनते.

अंत्यसंस्काराचा मुद्दा इथेच नोंदवतो, कारण तिथे संघटना प्रेमापोटी कायदा मोडतात. पार्थिवावर राष्ट्रध्वज शासकीय, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारातच घालता येतो. निवृत्त सैनिकाच्या खाजगी अंत्ययात्रेत आपण बाजारातून ध्वज आणून घालणं १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्यात बसत नाही. जिथे इतमाम मंजूर आहे तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे, आणि ध्वज चितेवर किंवा खड्ड्यात जाऊ द्यायचा नाही. कुटुंबाची इच्छा असेल तर संघटनेने आपलं पुष्पचक्र, पदकांची उशी, गणवेशातला फोटो आणि सभासदांची मानवंदना द्यावी. त्यात कुठलीही उणीव नाही.

ऐरोली_सेक्टर

अग्निवीरांचं काय? पहिली तुकडी डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, म्हणजे चार वर्षं पुरी होऊन २०२६ च्या अखेरीपासून मुलं परत येणार. कमाल २५ टक्के कायम होणार, बाकी घरी. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि नियमानुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आमच्याकडे जुने सभासद म्हणतात, दर्जा नाही तर सभासदत्व कसं द्यायचं?

वहीखाते

नियमावलीत "माजी सैनिक" ची व्याख्या सरकारी व्याख्येला बांधलेली असेल तर थेट देता येणार नाही. सर्वसाधारण सभेत दुरुस्ती करून "सहयोगी सभासद" असा वर्ग करा, मतदानाचा हक्क द्यायचा की नाही तेही तिथेच ठरवा, आणि दुरुस्ती धर्मादाय कार्यालयाकडे नोंदवा. हे आत्ताच करा. मुलं दारात उभी राहिल्यावर सभा बोलावू नका.

निवृत्त_सिग्नल

माझं मत ठाम आहे. ज्याने सियाचीनला किंवा राजौरीला ड्यूटी केली तो आपला. दर्जा सरकार ठरवेल, दार आपलं आहे. आणि त्यांना लागणारी मदत वेगळी आहे. सेवानिधीची मोठी रक्कम एकदम हातात येते, तेविशी-चोविशीतल्या मुलाच्या. ती गाडीत आणि एजंटाच्या योजनेत जाऊ नये म्हणून कुणी वडीलधाऱ्याने बसून बोलायला हवं. सेवेत जखमी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या अग्निवीराच्या घरी कागदांची मदत सर्वांत आधी, कारण त्यांच्या तरतुदी नेहमीच्या पेन्शनीपेक्षा वेगळ्या आहेत आणि गावात कुणालाच ठाऊक नसतात.

टेबलावर माजी सैनिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही येईल, त्याचं उत्तर देऊन ठेवतो : राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत सुरक्षा रक्षकाच्या जागा निघतात. नाव नोंदणी जिल्हा कार्यालयात आधीपासून असेल तर बोलावणं येतं.

खारघरची

केंद्रीय सैनिक मंडळाच्या मदतीचे आकडे बदलले आहेत, जुनी पत्रकं फाडून टाका. १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना : ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना मासिक मदत ४,००० ऐवजी ८,००० रुपये. मुलांसाठी शैक्षणिक मदत दरमहा १,००० ऐवजी २,०००, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नासाठी ५०,००० ऐवजी १ लाख, दोन मुलींपर्यंत. या मदती हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंत.

अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणं : लग्नाच्या मदतीचा अर्ज १८० दिवसांनंतर केला. शैक्षणिक मदत उत्तीर्ण झालेल्या वर्षासाठी असते, लोक चालू वर्षाची फी-पावती जोडतात. स्कॅन केलेला कागद वाचताच येत नाही. डिस्चार्ज बुकाची सगळी पानं लागतात, पहिलं आणि शेवटचं जोडून चालत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी. अधिकारी हुद्द्याखालच्या माजी सैनिकांच्या मुलांना, व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षीच अर्ज, बारावीला किमान ६० टक्के. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. म्हणून बारावीच्या निकालाच्या आठवड्यात टेबलावर एक जादा माणूस बसवा.

ऐरोली_सेक्टर

घरपट्टीच्या माफीचं कसं? ठाण्यात काहींना मिळते, काहींना नाही.

वहीखाते

२०२० मध्ये राज्याने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली, त्यातली ही मालमत्ता करमाफी. राहत्या एकाच घराला मिळते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो, अर्ज प्रभाग समितीच्या किंवा विभाग कार्यालयाच्या कर विभागात. अडतं ते नावावर. फ्लॅट सैनिकाचा, पण महापालिकेच्या बिलावर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव. आधी हस्तांतरण नोंद करून घ्या, बिलावर सैनिकाचं किंवा पत्नीचं नाव येऊ द्या, मग अर्ज. इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, शेवटचं भरलेलं बिल आणि एकच घर असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडा. गावाकडच्या घराला ग्रामपंचायतीत सवलत घेतली असेल तर इथे मागू नका. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची आणि पुढच्या एप्रिलच्या बिलात माफी उतरली का ते बघायचं. उतरली नसेल तर तीच पोच घेऊन त्याच टेबलावर परत जायचं.

शुश्रूषा

टेबलासाठी वेळ सुचवते : शनिवार सकाळी १० ते १. नोकरी करणारा मुलगा किंवा सून सोबत येऊ शकते. जागा तळमजल्यावरच हवी आणि शौचालय जवळ हवं. सामान : एक लॅपटॉप, दोन ॲप टाकलेला मोबाइल, एल-वन यंत्र, स्कॅनर असलेला प्रिंटर, जाड काचेचं भिंग, नोंदवही. वहीत नाव, सेवा क्रमांक, प्रश्न, दिलेला सल्ला, पुढची तारीख. आधार क्रमांक वहीत उतरवायचा नाही. आणि एक बाई स्वयंसेवक प्रत्येक शनिवारी असायलाच हवी. सासरच्या माणसांसमोर न बोलता येणाऱ्या गोष्टी वीरनारी तिच्याशीच बोलतात.

तलावपाळी

शनिवार १० ते १ ठरलं असं धरतो. कोपरी, ऐरोली आणि नेरुळ, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी सुरू करू, खारघरचं टेबल रायगडच्या कागदांसाठी वेगळं. मृत्यूनंतरचा क्रम आणि हयातीच्या दाखल्याची माहिती मोठ्या टाइपात मराठीत टाइप करून पुढच्या बुधवारपर्यंत इथे टाकतो. बंदर_विभाग आणि सिग्नल साहेब, तुम्ही दोघांनी एकदा तपासून द्या, मग छापायला देऊ.